सरूबाईंचं कॉम्प्युटरातलं नाव

आपलं नाव कॉम्प्युटरात आहे, हे सरूबाई गेली वीस वर्षं सांगत होत्या आणि संत तुकाराम नगरातले लोक गेली वीस वर्षं "हो का?" म्हणून विषय बदलत होते.

हा "हो का?" फार वाईट असतो. "खोटं बोलताय" म्हटलं तर भांडता येतं आणि भांडणात सरूबाईंना हरवणारं माणूस त्या वसाहतीत अजून राहायला आलेलं नव्हतं. पण "हो का?"शी भांडणार कसं? तो गोड असतो, मान डोलावतो आणि पाठ वळली की हसतो.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या कस्तुराने एका सोमवारी संध्याकाळी विहारातल्या मीटिंगमध्ये तो पडदा फाडला.

मीटिंग होती अभ्यासिकेची. विहाराच्या मागच्या खोलीत मुलांसाठी सहा नवे कॉम्प्युटर बसायचे होते आणि रविवारी अकरा वाजता फीत कापायची होती. ती कोणी कापायची, एवढाच प्रश्न उरला होता. म्हणजे सगळाच उरला होता.

"जाणकार माणूस पाहिजे," कस्तुरा म्हणाली. "आमच्या जावयांचा काळेवाडीत कॉम्प्युटर क्लास आहे."

"तुझ्या जावयाच्या क्लासात चार खुर्च्या आणि तीन कॉम्प्युटर," सरूबाई म्हणाल्या. "चौथा पोरगा काय हवेत टाइप करतो? त्यापेक्षा मी कापते. माझं नाव आहे कॉम्प्युटरात."

नेहमीप्रमाणे दोघा-तिघांनी "हो का?"साठी तोंड उघडलं. पण कस्तुरा आधी बोलली.

"सरूबाई, दुसरी शिकलेल्या बाईचं नाव कॉम्प्युटरात कशाला जाईल? रेशनच्या यादीत असेल ते."

खोली हसली. पंखासुद्धा हसल्यासारखा दोनदा खडखडला. सरूबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतकी वर्षं आपल्यामागे काय चाललं होतं, ते त्यांना एका दमात कळलं.

समितीचा सचिव धम्मरत्न सरकारी कचेरीत कारकून होता. त्यामुळे भांडण दिसलं की त्याला ठराव सुचायचा. "मावशी, भावना पोचल्या. पण समितीला पुरावा लागतो. रविवारपर्यंत पुरावा आणा, फीत तुम्ही कापा. नाही आला तर कस्तुरामावशींचे जावई. चला, लिहून घेतो, लवकर उरकू."

"काय घाई लागलीये?" सरूबाई कडाडल्या. "जरा दम धर, पाणी पी, मग लिही. आणि नाव नीट लिही."

धम्मरत्न पाणी प्यायला आणि त्याने लिहिलं: "श्रीमती सरूबाई यांचे नाव संगणकात आहे किंवा कसे, याबाबत पुरावा मागविणे." कस्तुराने अनुमोदन दिलं. अशा रीतीने सरूबाईंचा शब्द खरा की खोटा, हा प्रश्न तारीख-वारासह रजिस्टरात गेला.

आता हे नाव तिथं गेलं कसं?

भीमराज, म्हणजे सरूबाईंचा मुलगा, तेव्हा डिप्लोमा करत होता. त्याला आणि त्याच्या तीन मित्रांना लिनक्स नावाचं वेड लागलं होतं. विकत घ्यायचं नाही, कोणीही उघडून बघायचं, दुरुस्त करायचं, दुसऱ्याला द्यायचं, असं ते कॉम्प्युटर चालवण्याचं सगळं सामान. परदेशातून पोस्टाने सीड्या यायच्या, त्याही फुकट. भीमराजचे वडील कंपनीत फिटर. त्यांना हे पटेना. "फुकट देतो म्हणजे? मग त्याचं पोट कशावर चालतं?" असं ते प्रत्येक पाकिटाला विचारायचे. भिंतीवर एका पोट सुटलेल्या पक्ष्याचं चित्र लागलं. तो पेंग्विन होता, पण सरूबाई त्याला साहेब म्हणायच्या, कारण तो बसून असायचा आणि काम करत नसायचा.

काम ते लिनक्सही करत नसे. पहिल्यांदा चाललं त्या दिवशी गाणं वाजलं नाही, प्रिंट निघाली नाही, इंटरनेट लागलं नाही, तरी चौघं घरात बाळ जन्मल्यासारखे पेढे वाटत सुटले. मग त्यांनी ठरवलं, हे मराठीत आणायचं. दर रविवारी पुढच्या खोलीत बसून ते शब्द घडवायचे. सरूबाई आतून पोहे परतता परतता ऐकायच्या. संचिका. पुनर्प्रारंभ. कृपया प्रतीक्षा करावी.

एका रविवारी त्या झारा घेऊनच बाहेर आल्या. "असं कोण बोलतं रे? दारावर भाजीवालीला थांबवायचं तर मी काय 'कृपया प्रतीक्षा करावी' म्हणते? ती टोपली टाकून पळेल."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्या दिवसापासून रीत पडली. बाहेरून ओरडायचं, "आई, याला काय म्हणायचं?" आणि आतून उत्तर यायचं. दोन-तीन महिने असं चाललं. सगळं झाल्यावर भीमराजने सीडी भरली आणि शेवटच्या पानावर पाच नावं टाकली: चार पोरं आणि पाचवं, सरूबाई. त्यांनी काचेवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं होतं. ते बोट अजून त्यांच्याकडे होतं. नाव कुठं गेलं, तेवढंच बघायचं होतं.

मंगळवारी सकाळी त्यांनी भीमराजला फोन लावला. भीमराज आता हिंजवडीत मॅनेजर होता. कॉम्प्युटरच्या सामानाचं लायसन विकणाऱ्या कंपनीत.

"आई, ते सगळं गेलं गं. वेबसाइट पण बंद झाली."

"आणि ते कोणीही घ्या, कोणीही वाटा म्हणायचास, ते कुठं गेलं?"

"आता मी मॅनेजर आहे, आई," भीमराज केविलवाणं म्हणाला. "जुना कॉम्प्युटर असेल रहाटणीला. आम्रपालीला विचार."

तोवर जिन्यात सल्ले जमा झाले होते. एक म्हणाली, मोबाइलमध्ये नाव टाकून बघा. बघितलं तर बीडच्या सरपंचबाई निघाल्या. एक म्हणाला, आधार केंद्रात जा, तिथल्या कॉम्प्युटरात तुमचं नाव ठशांसकट आहे. "ते तर तुझंही आहे," सरूबाई म्हणाल्या, "मग तू काप फीत."

रहाटणीला भीमराजची बावीस मजली सोसायटी. फाटकावर वॉचमन आणि त्याच्या हातात टॅब.

"आजी, कोणाकडं?"

"माझ्या घरी."

"फ्लॅट नंबर?"

"अकरावा मजला. खिडकीत मनीप्लँट आहे बघ, वाळलेला."

वॉचमनने सुनेच्या, म्हणजे आम्रपालीच्या, मोबाइलवर परवानगी मागितली. आम्रपालीची घरूनच ऑफिसची मीटिंग चालू होती, मोबाइल मुका. सून अकराव्या मजल्यावर, सासू तळमजल्यावर आणि मधे परवानगी. चाळीस मिनिटं सरूबाई वॉचमनच्या खुर्चीत बसल्या. आम्रपाली धावत खाली आली तेव्हा त्याचं गाव, त्याची आई, आईचा गुडघा आणि त्यावरचं तेल, सगळं ठरवून झालं होतं.

"आई, कॉम्प्युटर ना," आम्रपालीचा आवाज बारीक झाला, "रविवारी सोसायटीत ई-कचऱ्याचा दिवस होता."

सरूबाई काही बोलल्या नाहीत. सरूबाई गप्प बसल्या की आम्रपालीला फार भीती वाटायची.

कचरा अजून क्लब हाउसमागच्या खोलीत होता, गाडी दुपारी यायची होती. खोलीची किल्ली ज्यांच्याकडे ते गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून कचऱ्यावर बसले होते.

"जमा झालेली वस्तू परत देण्याचा फॉर्म नाही," ते म्हणाले. "जमा करण्याचा आहे."

"वस्तू माझ्या घरची."

"होती. आता यादीत वजन चढलंय. एकोणतीस किलो. गाडीवाला वजन करून घेतो. कमी भरलं तर मी काय सांगू?"

हा माणूस फाटकापेक्षा घट्ट होता. पण सरूबाई बाजारात वाढलेल्या. वजनाची अडचण वजनानेच सुटते, हे त्यांना शाळेशिवाय ठाऊक होतं. त्या वर गेल्या आणि आम्रपालीला घेऊन भीमराजचे डंबेल्स घेऊन आल्या. गेली तीन वर्षं त्यांच्यावर टॉवेल वाळत होते. ते आणि एक बंद पडलेला मिक्सर ठेवल्यावर काटा एकोणतीसवर आला. गृहस्थ काट्याकडे बघत राहिले. डंबेल्स इलेक्ट्रॉनिक आहेत का, हे फॉर्मात कुठेच विचारलेलं नव्हतं.

बुधवारी सरूबाई शेअर रिक्षाने भोसरीला निघाल्या. पायाशी कॉम्प्युटरचा डबा, मांडीवर तो मागून पोट आलेला जाडा मॉनिटर.

"आजी, दोन सीट धरल्या तुम्ही," रिक्षावाला म्हणाला. "चला, चला, मागं गाड्या लागल्यात."

"काय घाई लागलीये? जरा दम धर, पाणी पी. म्हातारी आणि तिचा कॉम्प्युटर, दोघं एका वयाचे आहेत."

भोसरीत शेखरचा गाळा. शेखर म्हणजे त्या चौघांपैकी एक, सगळ्यात जास्त पोहे खाणारा. आता तो कारखान्यांतल्या मोठ्या मशीनची बिघडलेली कार्डं दुरुस्त करायचा. डबा बघितला आणि त्याने हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली.

"काकू, हा आपला?" त्याने डब्यावरून हात फिरवला. "काय दिवस होते! एक गाणं वाजवायला तीन रविवार लागायचे. वाजलं की असं वाटायचं, राव, जग जिंकलं."

"आणि आता?"

"आता लगेच वाजतं. मजा गेली."

"म्हणजे बिघडलेलं होतं म्हणून आवडायचं?"

शेखरने विचार केला. "हो, काकू."

"तुझ्या बायकोला सांग हे. तिला धीर येईल."

झाकण उघडलं. आत झुरळांची तीन पिढ्यांची वसाहत होती, शिवाय एक गोटी आणि सरूबाईंचं दहा वर्षांपूर्वी हरवलेलं जोडवं. शेखरने पंखा बदलला, सगळं पुसलं, वायर जोडली. मॉनिटरला उजेड आला. डब्यातून टकटक आवाज आला आणि शेखरचा चेहरा उतरला.

"हार्डडिस्क गेली, काकू. आतलं काही मिळायचं नाही. पण आपण भरलेली ती मराठीची सीडी असली ना, तर नुसत्या सीडीवरही चालेल. तेव्हाच्या सामानाचं हेच तर होतं. काही नसलं तरी चालायचं. नुसतं घाला आणि बघा."

"सीडी," सरूबाई म्हणाल्या आणि त्यांना घरची खाट आठवली.

भीमराजच्या फुकटच्या सीड्यांनी एके काळी खाट भरली होती. त्याने अख्ख्या वसाहतीला वाटल्या. लोकांनी आनंदाने घेतल्या आणि कबुतरं येऊ नयेत म्हणून गॅलऱ्यांत टांगल्या. चकाकलं की कबुतर बिचकतं, असा तेव्हाचा समज. आता कबुतरं त्यांच्या शेजारी बसून अंडी घालतात. खाटेखाली उरल्या त्या सरूबाईंनी एका दिवाळीच्या सफाईत, चांगल्या मनाने, दोरीत ओवून कुशाबाईला दिल्या होत्या. कुशाबाई चाकणजवळच्या खेड्यातून भाजी घेऊन यायची. तिच्या ज्वारीवर पाखरं फार पडत.

त्या माळेत भीमराजने भरलेली मराठीची सीडी होती. दुसरं कोणी नाही, आपण स्वतः आपलं नाव पाखरांना दिलं. हे भांडण कोणाशी करायचं, ते त्यांना कळेना.

गुरुवारी त्या चाकणला गेल्या. रस्त्यावर कंटेनरला कंटेनर लागलेला. बस इतकी सावकाश चालली की बाहेरून चालणारा एक माणूस त्यांच्या दोनदा पुढे गेला आणि मधे त्याने चहाही घेतला. कुशाबाईच्या ज्वारीच्या जागी आता निळ्या पत्र्याची शेड होती आणि तिचा नवरा कोंडीराम त्याच शेडच्या दारावर गणवेश घालून उभा होता, स्वतःच्याच बांधावर. घर तेवढं मागे शिल्लक होतं.

"कुशे, मी तुला चकत्या दिल्या होत्या बघ. चकाकणाऱ्या."

"व्हय, दिल्या व्हत्या की. पाखरं आधी लई भ्याली. मंग त्यात त्वांड बघाय लागली." कुशाबाई हसली. "रान कंपनीत गेलं तवा समद्या दोरीसकट गेल्या."

"सगळ्या?"

"मंग काय, नांगराला बांधून ठिवू? का गं, रडकुंडीला का आलीस?"

"मी कशाला रडते," सरूबाई म्हणाल्या आणि पदराने नाक पुसलं. "धूळ आहे तुमच्या रस्त्याला." मग न राहवून त्यांनी सगळं सांगितलं. कस्तुरा, रेशनची यादी, खोलीचं हसणं, रजिस्टर. कुशाबाईला कॉम्प्युटरचं काही कळलं नाही, पण हसल्याचं कळलं. तिने चहा टाकला. कप आणून पुढ्यात ठेवला, तो झाकून.

"च्या घे. माशा हायेत म्हून झाकलाय."

सरूबाईंनी झाकण बघितलं. गोल. चकाकणारं. मधोमध भोक.

"ह्यो एक घरात ऱ्हायलाय. भोकातनं वाफ जाती, लई कामाचा."

सरूबाईंनी ते दोन बोटांनी उचललं, उलटं केलं, हाताएवढं लांब धरलं आणि एकेक अक्षर लावलं. आ. ई. ची. आईची सीडी. भीमराजचं अक्षर, चहाच्या वर्तुळांनी पिवळं पडलेलं.

"हीच का ठेवलीस गं?"

"त्येच्यावर लिवलंय न्हवं? मला वाचाय येत न्हाई, पर लिवलेलं टाकवत न्हाई बाई. आन नेतीस व्हय? मंग माझ्या कपावर काय ठिवू?"

सरूबाईंनी पिशवीतल्या स्टीलच्या डब्याचं झाकण काढून दिलं. कुशाबाईने ते उलटसुलट बघितलं. "ह्येला भोक न्हाई," ती म्हणाली, पण घेतलं.

रविवार. विहाराची मागची खोली गच्च भरली. सहा नव्या कॉम्प्युटरांपुढे लाल फीत. कस्तुराचे जावई सफारी घालून फितीच्या इतक्या जवळ उभे की ती त्यांच्या श्वासाने हलत होती. कोपऱ्यातल्या टेबलावर सरूबाईंचा डबा आणि शेखर. एका पोराने विचारलं, हा मायक्रोवेव्ह इथं का आणलाय. मागे भीमराज उभा होता, मॅनेजरसारखा नाही, डिप्लोमाच्या पोरासारखा नखं खात.

शेखरने सीडी कापसाने पुसली, आत सरकवली. डबा पिठाच्या गिरणीसारखा घरघरला. काळ्या पडद्यावर अक्षरं धावली आणि मग तो आला, पोट सुटलेला साहेब.

"चाललं!" भीमराज ओरडला आणि त्याच्या कंपनीतल्या कोणी ऐकलं नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघितलं.

मराठी अक्षरं उमटली. एका कोपऱ्यात लिहिलं होतं: "हे कोणी केलं?" शेखरने त्यावर दाबलं. नावं त्याच्या पलीकडे होती.

सीडी फिरली. कुरकुरली. थांबली. पुन्हा फिरली. चहाची वर्तुळं बहुधा नेमकी तिथंच होती. एक मिनिट गेलं. दोन. जावयांनी घड्याळ बघितलं. धम्मरत्नने रजिस्टर उघडलं.

"झालं का?" कस्तुरा पुढे आली. "लोक उकाड्यात खोळंबलेत. नाव काही दिसत नाही."

तेवढ्यात पडद्याच्या मधोमध एक चौकोन उघडला. सरूबाईंचा चष्मा घामाने धुरकटला होता. "काय आलं?" त्या म्हणाल्या. कस्तुरा सगळ्यात जवळ होती आणि तिला मोठ्याने वाचायची सवय होती.

"'काय घाई लागलीये?'" कस्तुराने वाचलं. "'जरा दम धर, पाणी पी, मग परत बघ.'"

मग मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, हे तर सरूबाई!" आणि खोली फुटली. या वेळी हसणं सरूबाईंच्या बाजूचं होतं. धम्मरत्न हसता हसता रजिस्टरात लिहीत होता, कारण हे वाक्य त्यानेही सोमवारीच खाल्लं होतं. वसाहतीत असं घर नव्हतं, ज्याने ते खाल्लं नव्हतं.

"आम्ही त्या दिवशी अडकलो होतो," शेखर डोळे पुसत सांगू लागला. "मशीन अडकलं की त्याने काय म्हणायचं, तेच सुचेना. 'अनपेक्षित त्रुटी उद्भवली' लिहिलं होतं. तेवढ्यात कस्तुरामावशी चाळण मागायला आल्या आणि दार बडवायला लागल्या. काकू आतून जे ओरडल्या, ते आम्ही जसंच्या तसं लिहून घेतलं."

कस्तुराने पडद्याकडे बघितलं, शेखरकडे बघितलं. "मग आता? हे हलत का नाही?"

"खाली बटण आहे ना, मावशी. ते दाबल्याशिवाय पुढं जात नाही."

चौकोनाच्या खाली एकच बटण होतं. त्यावर लिहिलं होतं: "बरं." त्याच्या शेजारी "नको" नव्हतं, सरूबाईंना ते कधी सुचलंच नव्हतं. माउस कस्तुराच्या हाताशी होता. सगळी खोली बघत होती. तीस वर्षांत सरूबाईंच्या कुठल्याही बोलण्याला जे तिने एकदाही म्हटलं नव्हतं, ते तिने एका बोटाने दाबलं.

पडदा काळा झाला आणि डबा शांत झाला. तो पुन्हा काही बोलला नाही.

"नाव राहिलंच बघायचं," भीमराज हळूच म्हणाला.

"आवाज ओळखला ना सगळ्यांनी," सरूबाई म्हणाल्या. "आण ती कात्री."

जावई बाजूला सरकले. कस्तुरा मात्र जागची हलली नव्हती. तिच्या डोक्यात काहीतरी हळूहळू उजाडत होतं.

"म्हणजे, सरूबाई," ती म्हणाली, "ते वाक्य मला बोललेलं. म्हणजे मीसुद्धा आहे की कॉम्प्युटरात!"

सरूबाईंनी कात्री फितीवर ठेवली, मान गोड डोलावली आणि वीस वर्षं जपून ठेवलेला शब्द बाहेर काढला.

"हो का?"